चाळीस फूट नळी

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतली एक मुलगी माझ्याकडे आली. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढे लँडस्केप आर्किटेक्चरकडे वळावं असं तिच्या मनात आहे आणि घरात त्यावरून रोज बोलणी चालली आहेत. प्रश्न वहीत लिहून आणले होते. कुठे शिकायचं, किती वर्षं लागतात, सुरुवातीला पगार किती मिळतो, नोकरी बरी की स्वतःचं काम. मी एकेकाचं उत्तर देत गेले. शेवटचा प्रश्न होता, "मावशी, तुम्ही हे क्षेत्र का निवडलंत?"

त्याचं उत्तर त्या संध्याकाळी मला देता आलं नाही. काहीतरी निसर्गाच्या आवडीचं बोलले आणि वेळ मारून नेली. ती गेल्यावर मात्र चैन पडेना. निसर्गाची आवड वगैरे काही नव्हतं. मला या वाटेला एका मुकादमाने लावलं, आणि त्याआधी मी त्या माणसाचं नुकसान केलं होतं. तीस वर्षांत हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

१९९२ सालची गोष्ट. मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते आणि पुण्यातल्या एका ऑफिसात लागले होते. पौड रस्त्याच्या पुढे, टेकडीच्या उतारावर एका शिक्षणसंस्थेचं आवार उभं राहायचं होतं. चौदा एकर जागा. ऑफिसातली सगळ्यात नवी मी, म्हणून साइटवर मला धाडलं. पहाटेच्या पीएमटीने जायचं, शेवटचा दीड मैल चालायचं, आणि संध्याकाळी धुळीने माखून परत. माझ्या हातातल्या नकाशावर ती जागा म्हणजे जवळजवळ कोरा कागद होता. सीमारेषा, उत्तरेचा बाण, आणि मधोमध ठसठशीत काळ्या शाईत इमारती. कंटूर सर्व्हेचा खर्च वाचवला होता. चार कोपऱ्यांच्या लेव्हल घेऊन मधला उतार सरळ धरून टाकला होता.

ठेकेदाराच्या मजुरांवर नाना मुकादम होते. माण तालुक्यातले. पंचेचाळिशीचे, उंच, वाळलेल्या अंगाचे. पांढरी टोपी, छातीच्या खिशात चंची, आणि खांद्यावर कायम गुंडाळलेली प्लॅस्टिकची पारदर्शक नळी. मला ते "म्याडम" म्हणायचे आणि कामापलीकडे एक शब्द बोलायचे नाहीत.

फेब्रुवारीतला एक बाजाराचा दिवस. निम्मे मजूर गावात गेले होते. नाना एकटेच नळी घेऊन उभे होते. मला म्हणाले, "म्याडम, टोक धरता का?"

कॉलेजात पाच वर्षं काढून मी पाणसळ हातात धरलेली नव्हती. डम्पी लेव्हल, म्हणजे लेव्हल मोजायची दुर्बीण, एकदा पाहिली होती, तीही लांबून. आता चाळीस फूट नळीचं एक टोक माझ्या हातात आलं. नानांनी आधी ती सगळी उंच धरून पाणी खेळवलं, एकेक बुडबुडा टिचकी मारून वर काढला. "बुडबुडा ऱ्हायला की नळी खोटं बोलती," म्हणाले. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं होतं, म्हणजे उन्हात रेघ दिसते. जागा बदलताना टोकावर अंगठा घट्ट दाबायचा, पोचल्यावर सोडायचा. सोडलं की पाणी वर-खाली डुलतं. मी लगेच वाचायला गेले तर ते पलीकडून ओरडले, "थांबा! बसू द्या त्याला." मग आम्ही दोघं तीस फुटांच्या अंतरावर निमूट उभे. पाणी हळूहळू निवलं. त्यांच्याकडे रेघ गुडघ्याच्या वर होती, माझ्याकडे मांडीच्याही वर. तेवढा उतार. त्यांनी काडीने मातीत आकडा लिहिला आणि पुढे सरकले.

असे नऊ टप्पे झाले. कमरेइतकं वाळलं गवत आणि घाणेरीची जाळी, त्यामुळे डोळ्याला जे कळत नव्हतं ते नळीने दाखवलं. नकाशात जिथे सरळ उतार होता तिथे जमीन मधेच चार फूट खाली जाऊन पुन्हा वर येत होती. एक रुंद पन्हळ टेकडीवरून तिरकी उतरून आमच्या पूर्वेच्या कुंपणापर्यंत गेली होती. नाना तिच्या मधोमध जाऊन बसले, मूठभर माती उचलली, बोटांतून सांडू दिली. खाली बारीक वाळू होती. गोल, घासलेली.

"ह्यो वगळ हाय," म्हणाले. "आज कोरडा दिसतोय म्हून काय झालं?"

आणि त्याच ओघळीवर आडवी, पाच फूट उंच, काळ्या दगडाची कुंपणभिंत बांधायचं आमच्या नकाशात होतं.

नाना हे कुठे शिकले ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. १९७२च्या दुष्काळात ते पंचविशीत होते. घरची आठ एकर जमीन, सगळी कोरडवाहू, आणि त्या साली पेरलेलं उगवलंच नाही. अख्खं गाव सरकारी कामावर गेलं. बायका खडी फोडायच्या, पुरुष बांधबंदिस्ती आणि पाझर तलावाच्या कामावर. दुपारी सुकडी मिळायची. तिथे एका ओव्हरसियरने त्यांना पट्टी धरायला उभं केलं, कारण हा उंच गडी होता आणि हलत नव्हता. पट्टी धरता धरता उताराचं गणित त्यांच्या डोक्यात शिरलं. दुर्बीण साहेबाबरोबर जायची तेव्हा हे नळीवर काम चालवायचे. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखातला माणूस पाण्याचा हिशेब घोटभर पाण्यापासून मांडतो. मी पुण्याची, नळाला पाणी येतं एवढंच मला ठाऊक.

त्यांनी माझ्याकडून पहिला हिशेब तिथेच, गवतात बसून करून घेतला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. दोन इंचांचा एक जोरदार पाऊस धरला तर एकराला दोन लाख लिटर. आमच्या वरच्या अंगाला टेकडीचे वीसेक एकर त्या ओघळीकडे उतरत होते. निम्मं मुरलं असं धरलं तरी वीस लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, एका दुपारी, एका भिंतीवर. हा गुणाकार मी वहीत केला तेव्हा माझा हात थंड पडला होता. तो आजही विद्यार्थ्यांना मी तसाच करायला लावते, कारण लँडस्केपच्या अभ्यासाला फुलझाडांच्या यादीपासून सुरुवात करणं मला चुकीचं वाटतं.

मार्चमध्ये पाया खणायला घेतला तेव्हा दुसरी गोष्ट शिकले. यंत्र येण्याआधी नानांनी चार बायका लावून वरचा वीतभर मातीचा थर खरवडून एका बाजूला ढीग मारायला लावला. ठेकेदार चिडला, हा उद्योग कुणी सांगितला म्हणून. ते म्हणाले, "ही माती परत मिळायची न्हाई. खालचा मुरूम वर आला की गवतबी उगवत न्हाई त्यात." पुढे शिकायला दिल्लीला गेल्यावर पाहिलं, तर हेच कलम प्रत्येक चांगल्या लँडस्केप कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये असतं. इमारतीच्या जागेवरचा सुपीक थर आधी काढा, वेगळा साठवा, शेवटी पसरा. आपल्याकडे मात्र पाच मजले चढेपर्यंत तो थर सिमेंटच्या राड्यारोड्याखाली गाडला जातो आणि शेवटी बाहेरून लाल माती विकत आणतात. कुणाच्या तरी शेताची असते ती.

नानांनी भिंतीबद्दल एकदा नाही, तीनदा सांगितलं. ओघळ जिथे कुंपणाला भिडते तिथे दहा फुटांची मोरी ठेवा, बाकी भिंतीला पाणी निथळायला वीप होल, म्हणजे भोकं, ठेवा. मी ते ऑफिसात जाऊन सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उत्तर आलं, की मोरी ठेवली तर गुरं आत येतील आणि संस्थेला अखंड भिंत हवी आहे. तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही. नोकरी नवी होती, आणि मुकादम म्हणतो म्हणून नकाशा बदला, हे पुन्हा म्हणायची मला लाज वाटली. भिंत मे महिन्यात पुरी झाली. अखंड.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. दोन दिवस भिजपाऊस आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फुटल्यासारखा. मी साइट-शेडमध्ये अडकले होते. नाना डोक्यावर घोंगडी घेऊन बाहेर उभे होते. मला हाक मारली. गवतातून आधी एक चकाकती रेघ आली, मग चार, मग सगळी पन्हळ तपकिरी होऊन चालू लागली. आवाज नव्हता फारसा. पाणी भिंतीपाशी आलं, थांबलं, आणि चढायला लागलं. फूट, दीड फूट, तीन फूट. नाना म्हणाले, "आता बगा." भिंतीच्या पोटातून एक दगड पुढे आला, अगदी सावकाश, कुणी आतून ढकलल्यासारखा. मग साठ फूट भिंत एकदम आडवी झाली. पलीकडे एका शेतकऱ्याचं भाताचं रोप टाकलेलं होतं. ते दगडांखाली गेलं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात बैठक झाली. संस्थेचे लोक, आमचे वरिष्ठ, ठेकेदार. भिंत का पडली? मसाला कमी पडला, वाळू-सिमेंटचं प्रमाण चुकलं, बांधकाम कच्चं, असं ठरलं. ठेकेदाराला दुरुस्तीचा खर्च लागू झाला. मी त्या खोलीत होते. माझ्या वहीत वीस लाख लिटरचा हिशेब होता, मोरीची जागा खुणेसह काढलेली होती, आणि तारीख होती. मी वही उघडली नाही. ठेकेदाराने आपला राग खाली उतरवला आणि नानांची पंधरा दिवसांची मजुरी कापली.

हे मला आठ दिवसांनी एका मजूर बाईकडून कळलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नानांना गाठलं. ते ढासळलेल्या भिंतीचे दगड आकारानुसार वेगळे करत होते. मी काय बोलले ते आठवत नाही, पण बैठकीत माझ्याकडे वही होती हे मी सांगितलं. पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. हातातला दगड ठेवला, तंबाखू मळली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुढल्या येळंला बोला."

रागाचा लवलेश नव्हता त्यात. एखाद्या पोराला पाढा चुकल्यावर पुन्हा म्हणायला सांगावं, तसं ते बोलले. आणि लगेच मला नळीचं टोक दिलं, कारण मोरीची लेव्हल काढायची होती. त्या दिवसापासून त्यांनी मला "म्याडम" म्हणणं सोडलं आणि "ताई" म्हणू लागले. याचं कारण मला आजही कळलेलं नाही. मी तर त्यांचा विश्वास गमावला होता.

याच वर्षात माझं ठरलं. इमारत बांधायला लोक आहेत, जागा वाचायला कुणी नाही, आणि जागा वाचण्याचंही एक शास्त्र आहे, हे मला कळून चुकलं होतं. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये लँडस्केपचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. फॉर्म मागवला. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलीस ती बागा लावायला?" वडील हायस्कुलात शिक्षक, काटकसरीचे, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. लँडस्केप आर्किटेक्ट हा शब्दच तेव्हा मराठी घरात कुणी ऐकलेला नव्हता. आई काही बोलली नाही, पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

नानांना हे मी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी ते आमच्या सदाशिव पेठेतल्या दारात उभे. धुतलेलं धोतर, हातात हुलग्यांची पिशवी. आईने चहा दिला. वडिलांशी पावसापाण्याचं, खटाव-माणचं, शाळेचं बोलणं झालं. माझा विषय निघेचना. उठता उठता मात्र नाना वडिलांना म्हणाले, "गुर्जी, घर बांधनारी लई हायती. जागा बगनारं मानूस न्हाई. पोरीला नजर हाय, तिला जाऊ द्या." आणि नमस्कार करून गेले. वडील दिवसभर गप्प होते. सोमवारी शाळेतून येताना प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढायचा अर्ज घेऊन आले. आईने ते हुलगे निवडले, त्याचं माडगं केलं.

ज्या माणसाची मजुरी माझ्या गप्प बसण्याने गेली, तो एसटीचं तिकीट काढून माझ्यासाठी शब्द टाकायला आला होता.

दिल्लीत खूप मिळालं. मोहम्मद शाहीर सर तेव्हा तिथल्या लँडस्केप विभागात होते. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारच्या ज्या 'सुंदर नर्सरी'चा आराखडा त्यांनी पुढे केला, ती २०१८ साली लोकांसाठी खुली झाली. सर २०१५ मध्येच गेले होते. दिल्लीला गेलात तर हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी तिथे जाऊन बसा. ग्रंथालयात इयान मॅकहार्ग यांचं १९६९ सालचं 'डिझाइन विथ नेचर' हाती लागलं. जमिनीचा उतार, माती, पाण्याच्या वाटा, झाडोरा, प्रत्येकाचा वेगळा पारदर्शक नकाशा काढायचा आणि एकावर एक ठेवून पाहायचं, की बांधकामाला कुठली जागा सोसते आणि कुठली सोसत नाही. मी ते पान उघडं ठेवून कितीतरी वेळ बसले होते. मला गवतात बसलेले नाना दिसत होते.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या स्लाइड्स पाहिल्या. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. ओल्मस्टेड आधी शेती करत होते, वार्ताहर होते, आणि लँडस्केप आर्किटेक्ट हे नाव रूढ झालं ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. तिथली तळी मुळातली नाहीत, माणसांनी केलेली आहेत. दलदलीच्या जमिनीखाली मातीच्या नळांचं जाळं घालून आधी पाणी काढून दिलं, मग हिरवळ आली. पाण्याची सोय लावल्याशिवाय हिरवळ येत नाही, हे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध बागेलाही चुकलेलं नाही.

परत आल्यावर मी स्वतःचं काम सुरू केलं. नानांना पत्र घातलं होतं. १९९६च्या एप्रिलमध्ये त्यांचा निरोप आला, गावाकडे या, काम आहे. मला वाटलं त्यांच्या शेताचं असेल. काम निघालं जिल्हा परिषदेच्या शाळेचं. शाळा उताराला, दरवर्षी पावसाचं पाणी वर्गात शिरायचं, पोरं पाटावर पाय घेऊन बसायची. तिथे पाऊस थोडा, पण येतो तेव्हा धावून येतो. आम्ही वरच्या अंगाने एकशे ऐंशी फुटांचा चर आखला. शंभराला एक असा उतार ठेवायचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण बावीस इंच. त्याहून जास्त दिला तर माती खरवडते, कमी दिला तर गाळ साचतो. नळीचं एक टोक नानांकडे, दुसरं सातवीतल्या एका पोराकडे, आणि मी मधे चुन्याची फक्की टाकत. काढलेलं पाणी वाया घालवायचं नव्हतं, म्हणून ते मैदानाच्या कडेला लावलेल्या कडुलिंबांच्या आळ्यांत फिरवलं. गावकऱ्यांनी आठ दिवसांत चर खणला. फी म्हणून मला पोतंभर बाजरी मिळाली. मी घेतली. नानांनी एसटीच्या टपावर स्वतः चढवून दिली.

माझ्या नावावरचं पहिलं लँडस्केपचं काम ते. कुठल्याही पोर्टफोलिओत ते नाही, त्याचा फोटोही माझ्याकडे नाही. चर आजही आहे, दगडाने बांधून घेतलाय. लिंबं शाळेच्या कौलांच्या वर गेली आहेत.

"पुढल्या येळंला बोला" हे मात्र सोपं गेलं नाही. २००७ साली एका गृहप्रकल्पाचं काम माझ्याकडे होतं. माझ्या तोवरच्या कामांतलं सगळ्यात मोठं. जागेतून जाणारा ओढा तीन फुटी पाइपात घालून वरून क्लबहाऊसची हिरवळ करायची होती. मी हिशेब करून दिला, पाइप पुरणार नाही, ओढा उघडा ठेवा, त्याच्याच काठाने बाग करू, करंज आणि जांभूळ लावू, ती जागा सगळ्यांना आवडेल. त्यांना ते परवडत नव्हतं. या खेपेला मी बैठकीत बोलले, लेखी दिलं आणि मग काम सोडलं. ऑफिसात तेव्हा आम्ही चौघं होतो. सात महिने ओढाताणीत गेले. ते सात महिने मला अजून स्वच्छ आठवतात, आणि त्यांची मला लाज वाटत नाही.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून उतरून मुठेला मिळणारा हा ओढा. नानासाहेब पेशव्यांनी यालाच अडवून पर्वतीच्या पायथ्याला तळं केलं, तिथे आज सारसबाग आहे. गेल्या काही दशकांत त्याच्या काठांवर भिंती आल्या, पात्रात भराव आला. त्या रात्री घरं पडली, माणसं वाहून गेली, कुंपणाच्या भिंती कोसळल्या. दुसऱ्या दिवशी मी एका पडलेल्या भिंतीपाशी उभी होते. दगड बाहेरच्या अंगाला पडले होते, अगदी तसेच.

नाना तोवर नव्हते. ते २०१४ साली गेले. मला ते आठ महिन्यांनी कळलं. त्या वर्षी मी सतत प्रवासात होते, फोन करायचा राहून गेला, दिवाळीत जाऊ असं म्हणत दोन दिवाळ्या गेल्या. गावी पोचले तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं, "मामा विचारत होते, ताईंचं काम बरं चाललंय ना." पंधरा दिवसांच्या मजुरीचे पैसे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत. मी ते दरवर्षी शाळेच्या लिंबांना शेणखतासाठी पाठवते. त्याने काही फिटत नाही. पण पाठवते.

नानांच्या त्या नळीचं काय झालं, मी विचारलं नाही. त्या नळ्या टिकतही नाहीत. दोन उन्हाळ्यांत पिवळ्या पडतात, कडक होतात, रेघ दिसेनाशी होते, मग नवी आणावी लागते.

सोसायटीतल्या मुलीला मी नंतर पुन्हा बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. बाकीची उत्तरंही खरी दिली. आपल्याकडे आर्किटेक्टना १९७२च्या कायद्याने नोंदणी आहे, लँडस्केप आर्किटेक्टला अशी वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. आपली संघटना, इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, २००३ साली स्थापन झाली. सुरुवातीची वर्षं पैशाने बेताची जातात. पुष्कळ लोक तुला शेवटी बोलावतात, इमारत उभी राहिल्यावर, पैसे संपल्यावर, आणि म्हणतात चार झाडं लावून द्या. पार्किंगच्या स्लॅबवर मोठी झाडं मागतात. भिजलेली माती घनमीटरला जवळपास दोन टन भरते, स्लॅब ते पेलायला आधीपासून घडवावा लागतो, हे तुलाच समजावून सांगावं लागतं. लॉनच हवं म्हणून हट्ट धरतात, त्याला रोज किती पाणी लागतं ते विचारत नाहीत. तिथे बोलावं लागतं, आणि कधी बोलण्याची किंमत मोजावी लागते. हे सोसणार असेल तर ये. नसेल तर इमारती कर, तेही चांगलं काम आहे, फक्त जागा बघून कर.

तिने दिल्ली, अहमदाबाद आणि पुण्याचे फॉर्म पाहायला घेतले आहेत. तिच्या वडिलांशी बोलायला मी या रविवारी जाणार आहे.

आणि तिच्यासारख्या आणखी कुणी हे वाचत असेल, तर त्यांना सांगणं एवढंच. दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही ऑफिसातले सगळे चालू कामाच्या जागेवर जातो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघतो, खुंट्या मारतो, आकडे लिहितो. शिकणाऱ्या कुणीही यावं. चाळीस फूट नळी आमच्याकडे आहे. छत्री आणू नका, टोक धरायला दोन्ही हात लागतात.